त्याला कारणच तसं होतं

(गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ अंबाजोगाईत दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील यंदाचं व्याख्यान. वक्ते मनोविकारतज्ज्ञ आहेत. छापताना बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



पितृपंधरवड्यात व्याख्यान नको, असं काही जणांनी संयोजकांना सुचवलं होतं म्हणे. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, याचं मला बरं वाटलं. गेलेल्या माणसाला नावानं हाक मारायचा हाच तर पंधरवडा आहे. आणि मनाच्या आजारावर बोलायला मुहूर्त शोधत बसलो असतो, तर तो निघालाच नसता.

गुरुजींनी मला आठवी ते दहावी मराठी शिकवलं. शाळा सुटली की त्यांची दुसरी शाळा घराच्या ओट्यावर भरायची. हातात लाल शाईचं पेन, मांडीवर त्या दिवशीचं वर्तमानपत्र. छापील मजकुरातले ऱ्हस्वदीर्घ ते दुरुस्त करायचे आणि ते पान आम्हाला दाखवायचे. "छापलंय म्हणून बरोबर असेलच असं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी काकू गेल्या. मी तेव्हा याच गावात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करत होतो, हे मुद्दाम सांगतो. महिन्या-दीड महिन्यानं भेटायला जायचो. गुरुजी ओट्यावर नसायचे. आतल्या खोलीत कॉटवर, भिंतीकडे तोंड करून. जेवण अर्ध्या भाकरीवर आलेलं, बोलणं हो-नाहीवर. घरातले म्हणायचे, "एवढा पन्नास वर्षांचा संसार. कारणच तसं आहे." मीही मान डोलवायचो आणि निघताना सूनबाईंना सांगायचो, "थोडा वेळ जाऊ द्या." असे आठ महिने गेले.

शेवटी सूनबाईच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, काल मी बाबांच्या समोर पाटीवर 'पाणी' लिहिलं आणि मुद्दाम 'णि' ऱ्हस्व ठेवला. त्यांनी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. हे आईंचं दुःख नाही. हे काहीतरी वेगळं आहे."

बारावी शिकलेल्या त्या बाईनं माझ्या आधी निदान केलं. मी संध्याकाळी गेलो आणि आठ महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. गुरुजींचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. रोज पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. काकूंच्या आजारपणात आपण पैसा वाचवला म्हणून त्या गेल्या, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. घरानं काकूंसाठी जमीन विकली होती, खरेदीखत कपाटात होतं, तरी ते मानायला तयार नव्हते. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-बारा तपासलं. गोळ्या सुरू केल्या. सहाव्या आठवड्यात ते पुरी भाकरी खाऊ लागले. नवव्या आठवड्यात त्यांनी लाल पेन मागितलं. काकूंची आठवण निघाली की रडायचे मात्र आता, आधी रडतही नव्हते.

पुढे सहा वर्षं ते जगले, आणि ओट्यावर येईल त्याला सांगत राहिले, "बीपीची एक गोळी घेतो, मनाची एक घेतो." त्यांची गोष्ट व्यासपीठावरून सांगायची मुभा त्यांनी मला हयातीतच दिली होती. बाकी ज्या रुग्णांविषयी बोलेन, ते प्रत्येकी चार-पाच जणांचं मिळून एक असे आहेत. ओळखू आले असं वाटलं, तर तो तुमचा भास समजा.

तर 'कारणच तसं आहे' हे वाक्य. आज मला फक्त त्या एका वाक्यावर लाल शाई ओढायची आहे.

आपल्या जिल्ह्यात या वाक्याची छापील आवृत्ती निघते. 'नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून.' ही ओळ इतक्यांदा छापली गेली आहे की वाचताना डोळा थांबतही नाही. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ साली मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले २६९ एकट्या बीड जिल्ह्यातले, आठही जिल्ह्यांत सर्वाधिक. यातल्या प्रत्येकामागे कारण होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. कारण सापडलं की आपण शोधायचं थांबतो. तो माणूस मधले चार महिने आजारी होता का, हे कोणी विचारत नाही.

२३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पात्र-अपात्र ठरतं ते नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांवर. मदत कुठल्या तरी निकषावर द्यावी लागणारच, त्याबद्दल मी भांडत नाही. पण त्याचा एक परिणाम मी जवळून पाहिला आहे. गेलेला माणूस दोन महिने अंथरुणावर पडून होता, अंघोळ करत नव्हता, 'मी नसलो तर तुमचं बरं होईल' म्हणत होता, हे घरच्यांना ठाऊक असतं. पंचनाम्याच्या वेळी ते बोलत नाहीत. आजार निघाला तर फाइल अपात्र होईल, ही धास्ती. मग तो आजार माणसाबरोबर जळून जातो आणि शेजारच्या घरात दुसऱ्याला होतो, तेव्हा तो ओळखायला कोणी शिकलेलं नसतं.

इथं शेतकरी चळवळीतले माझे मित्र मला थांबवतात. "डॉक्टर, तुम्ही त्याला मनोरुग्ण ठरवलंत की सरकार सुटलं. भाव नाही, विमा नाही, पाणी नाही, आणि तुम्ही गोळी देता." त्यांचं म्हणणं मला पटतं, म्हणून सरळ उत्तर देतो.

उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढावं लागतं. तुमच्यातल्या अनेकांनी ते केलं आहे. समजा, दव पडून फळी ओली झाली, पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. कारण सगळ्या टोळीला ठाऊक आहे. म्हणून कोणी म्हणतं का, की फळीच ओली होती, हाड मोडणारच, प्लास्टर कशाला? हाड जोडायचं असतं, आणि फळीही बदलायची असते. फळीसाठी भांडायला धडके पाय लागतात, मोडक्या पायानं मोर्चा निघत नाही. कर्जाला गोळी हा उपाय नाही, आणि डिप्रेशनला कर्जमाफी हा उपाय नाही. कर्ज फिटल्यानंतरही तसंच भिंतीकडे तोंड करून पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि त्याच ओल्या फळीवरून टोळीतले वीस जण चढले, एकच पडला, हेही खरं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं, की या आजाराच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के असतो. बाकी बालपणीचे घाव, दीर्घ आजार, दारू, एकटेपणा, दारिद्र्य. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो. मोंढ्यात तीन गाळे असलेला, पोरं डॉक्टर झालेला व्यापारीही माझ्यासमोर बसून म्हणतो, "साहेब, काहीच कमी नाही, अन् जगूच वाटंना." त्याला तर आणखी लाज वाटते, कारण दाखवायला कारणही नसतं.

आता हा आजार म्हणजे काय, ते. पुस्तकात लक्षणांची यादी असते: मन सतत उदास, कशातच गोडी नाही, झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं, हालचाल मंदावणं, मरणाचे विचार. यांतली पाच किंवा अधिक, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक तरी, दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि रोजचं काम अडेल इतकी. व्याख्या एवढीच. पण ही यादी घेऊन मी केज किंवा धारूरच्या शिबिरात बसलो तर एकही रुग्ण सापडणार नाही. "उदास वाटतं का?" असं विचारलं तर शेतकरी माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला सिनेमातला डायलॉग मारला.

आमच्याकडे येतं ते शरीर. अंग मोडून येतं, डोक्यात मुंग्या येतात, हातापायातलं वारं गेलं, काळजात लकलक होतं, पोटात गोळा उठतो. रुग्ण गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि म्हणतो, "एक ताकदीचं सलाईन लावा." सलाईन लागतं, दोन दिवस बरं वाटतं. मग पुन्हा. ईसीजी होतो, सोनोग्राफी होते, लातूर किंवा संभाजीनगरला जाऊन डोक्याचा सीटी स्कॅन होतो, सगळं नॉर्मल येतं आणि डॉक्टर सांगतात, "तुम्हाला काही झालेलं नाही." इतकं निर्दय वाक्य आमच्या धंद्यात दुसरं नाही. दरम्यान देवऋषी होतो, गड होतो, दर्गा होतो. मी त्यावर हसत नाही. गडावर निदान कोणी त्याला 'तुला काही झालेलं नाही' असं सांगत नाही.

म्हणून मी प्रश्न बदलले. झोपेचं विचारताना काळजी घ्यावी लागते, कारण शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की सगळा शिवार रात्री दोनला जागाच असतो. मी विचारतो, "लाईट नसते त्या रात्री झोप लागते का?" गोडी गेली का, हे विचारायला माझ्याकडे एक हुकमी प्रश्न आहे: "औंदा पोळ्याला बैल सजवला का?" गडी गप्प होतो. शिंगं रंगवली नाहीत, झूल काढली नाही, पोरांनीच कसंबसं ओवाळलं. बैलावर पोटच्या पोरासारखा जीव लावणाऱ्या माणसाला पोळ्याला उठावंसं वाटलं नाही, हे माझ्यासाठी ईसीजीवर दिसणाऱ्या हार्ट अटॅकइतकं स्पष्ट लक्षण आहे. बाईला विचारतो, "नागपंचमीला माहेरी गेला होता? झोक्यावर बसलात?" उत्तरापेक्षा त्या आधीची शांतता ऐकायची.

आणि शेवटचा प्रश्न कधीही टाळायचा नाही: "जीव नकोसा होतो का? काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत खोटी आहे. बहुतेकांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. कोणी तरी विचारलं, एवढ्यानंच.

गुरुजी ज्ञानेश्वरीचे वाचक. बरे झाल्यावर एकदा मी त्यांना विचारलं, "गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग. ते डिप्रेशन म्हणायचं का?" त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाही. अर्जुनाला प्रश्न पडला होता, आणि त्याला उत्तर ऐकू येत होतं. मला तुम्ही काय बोलत होता ते कळायचं, पण पोचायचं नाही." मग हसून म्हणाले, "शिवाय त्याचं एक नाव गुडाकेश. झोपेला जिंकलेला. तुमचं झोपेचं लक्षण त्याला लावता येणार नाही." 'मन खंबीर कर', 'देवाचं नाव घे', 'तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले' हे सगळं सांगणाऱ्यांना माझी एवढीच विनंती, की समोरचा अर्जुन आहे की गुरुजी आहेत ते आधी बघा. चरकसंहितेनं रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिलं स्थान दिलं आहे. जुन्यांना एवढं कळत होतं.

या आजाराचं औषध कसं सापडलं, ती गोष्ट मला फार आवडते, कारण तिचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती; उत्तरेकडे तिची मुळी 'पागल की दवा' म्हणूनच विकली जाई. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा उपयोग तपासून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला. जगभर तिची चर्चा झाली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या कंपनीनं त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं, लाखो लोकांनी ते घेतलं, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण रक्तदाब उतरता उतरता काही रुग्ण कोमेजू लागले, गप्प गप्प राहू लागले, अशी निरीक्षणं डॉक्टर नोंदवू लागले. प्राण्यांवर प्रयोग केले तेव्हा दिसलं, की रेसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा साठा रिकामा करतं.

नेमक्या त्याच काळात उलटं काही घडत होतं. न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ साली क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे नवं औषध दिलं, आणि महिनोनमहिने खाटेवर खिळलेले रुग्ण उठून बसले, हसू लागले, वॉर्डात नाचले. हे औषध मेंदूतली तीच द्रव्यं टिकवून धरतं, असं लक्षात आलं. एक औषध साठा रिकामा करतं तर माणूस कोमेजतो, दुसरं साठा धरून ठेवतं तर फुलतो. पुढच्या साठ वर्षांची गोळ्यांची दुकानदारी या दोन निरीक्षणांवर उभी आहे.

आता इथं मला माझ्याच पेशावर लाल शाई ओढायची आहे. आम्ही डॉक्टर रुग्णाला सोपं करून सांगतो, "तुमच्या मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय." छापलंय म्हणून बरोबर असेलच असं नाही. रेसर्पिननं खरंच किती जणांना डिप्रेशन आलं, यावर पुढे वाद झाला. २०२२ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, याला ठोस पुरावा मिळाला नाही. द्रव्यं आहेत, मज्जापेशींच्या जोडण्या आहेत, ताणाचं हार्मोन आहे, शरीरातला दाह आहे. पूर्ण नकाशा अजून कोणाकडे नाही. मग गोळ्या फसव्या का? तसं नाही. औषधाची परीक्षा ते का चालतं यावर होत नसते, ते चालतं की नाही यावर होते, आणि मध्यम ते तीव्र आजारात ते कोऱ्या गोळीपेक्षा चांगलं चालतं, हे शेकडो चाचण्यांतून दिसलं आहे. सगळ्यांना नाही, आणि जादूसारखं नाही. साधारण दोन ते चार आठवडे काहीच घडत नाही. आपली माणसं बरोबर दहाव्या दिवशी गोळ्या सोडतात, "काय फरक नाही" म्हणून.

सवयीचं विचारलं जातंच, म्हणून सांगून टाकतो. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. मात्र एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, बेचैनी होते, म्हणून त्या उतरवत आणायच्या. बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या. ज्याला आधी कधी उलटा झटका आला असेल, म्हणजे झोप नको, पैसा उधळ, मोठमोठ्या बाता, त्यानं ते डॉक्टरला आवर्जून सांगायचं. त्याचा आजार दुसरा आणि औषधही दुसरं. आणि शॉक म्हटलं की जुने सिनेमे डोळ्यांसमोर येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो उपचार करताच येत नाही. अन्नपाणी सोडलेल्या, मरणाच्या दारात गेलेल्या रुग्णाला त्यानं उठून बसवलेलं मी पाहिलं आहे. त्यावर इतकंच.

बायकांबद्दल जरा सविस्तर बोलू द्या.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर देशभर गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यांतल्या अनेक जणी तिशी-पस्तिशीच्या होत्या. त्या वेळी चर्चा झाली ती खाजगी दवाखान्यांची, मुकादमांची, 'खाड्या'ची. एक दिवस फडावर गेलं नाही की खाडा पडतो, दंड बसतो. पाळी म्हणजे खाडा. हे सगळं बोललं गेलं ते योग्यच. पण पुढे काय? पिशवीसोबत अंडाशयंही काढली असतील, तर तिशीतली बाई एका दिवसात पन्नाशीची होते. अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, झोप उडते, आणि डिप्रेशनचा धोका वाढतो. ती बाई "पाठ लई दुखतीय" म्हणून दवाखान्यात येते. तिला कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. ती रोज पहाटे कोपीत उठून रडते, हे तिनं सांगितलेलं नसतं, आपण विचारलेलं नसतं. नवऱ्याच्या लेखी ती 'कामाला जड' झालेली असते. कोयता म्हणजे जोडी. एक जण पडला की कोयता मोडतो आणि उचल तर दोघांच्या नावावर घेतलेली. माझ्याकडे आलेली एक बाई म्हणाली, "दुखतंय म्हटलं तर निदान गोळी देतेत. रडू येतंय म्हटलं तर मारतेत."

आता उपचार कुठे आहेत, ते पाहू. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, तरी आकडा आपल्याला लागू पडेलसा आहे: दर वीस जणांत एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं, आणि आजारी असलेल्या शंभरांतले पंच्याऐंशी उपचारापर्यंत पोचत नाहीत. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. आपल्या तालुक्यात लोखंडी सावरगावला वृद्धत्व आणि मानसिक आजार केंद्राची मोठी इमारत आहे, करोनात तिचं कोविड रुग्णालय झालं, तुमच्यातले काही जण तिथं भरती होते. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून उभं आहे, तिथं मनोविकार विभाग आहे. बीडच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या गोळ्या मोफत मिळतात. म्हणजे अगदीच काही नाही, असं नाही. अडचण मधल्या अंतराची आहे.

ते अंतर कसं कापायचं, हे आपल्याच शेजारच्या माणसांनी दाखवलंय. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांची 'संगथ' ही संस्था. त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा ते आठ भेटी. माणसाला सोडून गेलेली छोटी छोटी कामं पुन्हा हातात द्यायची: आज दारात पाच मिनिटं बसायचं, उद्या शेजारी जाऊन यायचं. २०१७ साली लॅन्सेटमध्ये निकाल आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांतले ३९ टक्के. त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत गावकऱ्यांना हाताशी धरून 'विश्राम' नावाचा प्रयोग झाला. डिप्रेशन असलेल्यांतले आधी शंभरात चार उपचारापर्यंत जात होते, दीड वर्षानंतर सत्तावीस. आपल्याकडे २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, आशाताई प्रश्नावली घेऊन शेतकऱ्यांच्या घरोघर गेल्या. या सभागृहात मला दोन-तीन आशाताई दिसताहेत. तुमच्या डोक्यावर आधीच लसीकरण, बाळंतपणं, कुष्ठरोग, हत्तीरोग, सगळ्या पाहण्या. त्यात हे. आणि मोबदला किती, ते मी या व्यासपीठावरून बोललो तर अध्यक्ष महाराज मला चिठ्ठी पाठवतील. पण खरं सांगतो, या जिल्ह्यात पोळ्याचा प्रश्न दारात उभं राहून विचारू शकेल, असं दुसरं कोणी नाही.

दोन गोष्टी घरच्यांसाठी. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. कुलपात ठेवा, आणि घरात कोणी असं गप्प झालं असेल तर कुलपासकट दुसऱ्याच्या घरी ठेवा. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. ती टोकाची घडी टळली की बहुतेक माणसं वाचतात. आणि कोणी वाचलं, तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना लपवू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे, त्यात अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं समजून उपचार द्यायचे, हे लिहून ठेवलंय. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमही २०२४ मध्ये जुन्या दंडसंहितेबरोबर गेलं.

आता ज्यासाठी मी मुद्दाम हे दिवस मागून घेतले ते सांगतो. या गोळ्या सहा ते नऊ महिने घ्याव्या लागतात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या लाखो माणसांचं वर्ष दोन ठिकाणी कापलेलं असतं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर, काही कर्नाटकात. ऑगस्टमध्ये गोळ्या सुरू झालेली बाई नोव्हेंबरात कुठल्या थळावर असते, ते तिच्या डॉक्टरला ठाऊक नसतं. पट्टी संपते. जवळचं सरकारी रुग्णालय पंधरा किलोमीटर, जायचं तर खाडा. मार्चमध्ये ती परत येते तेव्हा आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात करतो. ज्या परत येत नाहीत, त्यांची चौकशी करायची आमच्याकडे सोय नाही. टोळीबरोबर ट्रॅक्टर जातो, बैलं जातात, शेळ्या-कोंबड्या जातात, मुकादमाची वही जाते. दवाखान्याचा कागद तेवढा घरी राहतो.

म्हणून मुकादम मंडळींना, तुमच्यातले काही इथं आहेत, मी हात जोडून सांगतो: उचल देताना वहीत जसं नाव लिहिता, तसं एकदा विचारा, "कोणाच्या कायमच्या गोळ्या चालू आहेत का?" बीपीच्या, साखरेच्या, फिटच्या, मनाच्या. ज्यांच्या असतील त्यांनी जाण्याआधी एकदा येऊन जा. डॉक्टरला सांगा, मी कारखान्यावर चाललोय, जास्त दिवसांच्या द्या, आणि औषधांची नावं मराठीत कागदावर लिहून द्या. तो कागद आधारकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवा. थळावर असताना जीव घाबरा झाला तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर पाठ होत नसेल तर पोराकडून मोबाइलमध्ये घालून घ्या, गुरुजींच्या नावानं घातला तरी चालेल.

दसऱ्याला अजून तीन आठवडे आहेत.